जुन्या स्पोर्ट्स कारचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर): दुरुस्त करावा की काढूनच टाकावा?

घाटवेडा, देवगड
मामा जहाजावर होते. त्यांनी जपानहून आणलेली १९९२ची दोन सीटची गाडी आता माझ्याकडे आहे. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडेच जाईल.) दोन पावसाळे झाले, इंजिन तापलं की आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनचे फेरे) वरखाली होतो. मागच्या श्रावणात आंबोलीच्या चढावर गाडी बंदच पडली, तेही नेमकी धबधब्याच्या गर्दीत. गॅरेजवाल्याने "ईसीयू गेला" म्हणून सांगितलं आणि भंगारातला आणून लावला. प्लग बसला, गाडी सुरूही झाली, पण आयडल १५००च्या खाली येईना. नंतर कळलं, तो ऑटोमॅटिक गाडीचा होता. नंबरातली शेवटची दोन अक्षरं कोणी बघितलीच नव्हती.

आता माझं मत पक्कं झालंय. या डब्यांमागे धावण्यात अर्थ नाही. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू बसवायचा, हवा मोजणारा तो झडपेचा मीटर काढून हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर लावायचा आणि लॅपटॉपवर ट्यून करायचं. शिवाय पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल) मिळतं. १९९२च्या ईसीयूला इथेनॉल कुठून माहीत?

सोल्डरिंगवाला, मालवण
साफ चूक. त्या काळच्या जपानी ईसीयूमध्ये बहुतेक वेळा चिप जात नाही, कपॅसिटर गळतात. आतलं रसायन बोर्डावर उतरतं आणि तांब्याचे ट्रॅक खातं. तापल्यावर रोग दिसतो म्हणता ना, मग संशय तिथेच घ्यायचा. कपॅसिटर बदलायला किती खर्च येतो आणि नवा कॉम्प्युटर, वायरिंग, ट्यूनिंगला किती, जरा हिशेब करा.

इथेनॉलचं म्हणाल तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर कशाला दिलाय? मिश्रण लीन झालं (पेट्रोल कमी पडलं) की ईसीयू स्वतःच पेट्रोल वाढवतो.

आंबोली डाउनशिफ्ट
लॅम्डाचं अर्धंच सांगितलंत. पाय पूर्ण दाबला की ईसीयू लॅम्डाकडे बघतच नाही, थेट आत भरलेल्या आकड्यांच्या टेबलावर चालतो. हवा आणि इंधनाचं प्रमाण साध्या पेट्रोलला १४.७ला १ लागतं, ई२०ला साधारण १३.५ला १. म्हणजे सुमारे ८ टक्के पेट्रोल कमी पडणार, आणि तेही नेमकं घाट चढताना. मी तीन वर्षांपूर्वी स्पीडुइनो बसवला, आता गाडी खेचते कशी ते येऊन बघा.

एकच इशारा. आधी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मल्टीमीटरने मोजा. १२ ते १६ ओहम आले तर बिनधास्त जोडा. २-३ ओहम आले आणि मध्ये रेझिस्टर न लावता सरळ जोडलेत, तर नव्या ईसीयूचे ट्रान्झिस्टर जळतील. माझे जळले होते.

सोल्डरिंगवाला, मालवण
८ टक्के मान्य. पण कंपनीने पूर्ण थ्रॉटलचं टेबल मुळातच रिच (पेट्रोल जास्त) ठेवलेलं असतं, बाराला एकच्या आसपास. त्यातून ८ टक्के गेले तरी पिस्टन वितळत नाही, आणि इथेनॉल नॉकिंग (इंजिनातली ठोक) कमीच करतं. ई२०ने खरी वाट लागते ती जुन्या रबरी होसची. ते बदललेत का? ते सोडून सगळे लॅपटॉप घेऊन बसलेत.

पासिंगला चाललोय
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही. तुमची गाडी १५ वर्षांवरची, दर ५ वर्षांनी पासिंग, शिवाय पीयूसी आहेच. डॅशबोर्डखाली वाकून कोणी बघत नाही हे मलाही माहीत आहे, पण अपघातानंतर विमावाले बघतात.

वेंगुर्ल्याचो बाबल्या
अरे, आधी अर्थिंग बघितलस काय? माझ्या गाडयेक असोच रोग होतो. अर्थची वायर बॉडीक लागता थंय सगळो हिरवो गंज. ह्या खाऱ्या वाऱ्यात काय टिकता? सँडपेपर मारलंय, ग्रीस लावलंय, झाला काम. तुमचे कॉम्प्युटर मगे बघा.

घाटवेडा, देवगड
बाबल्याचं ऐकून अर्थ घासली. आयडल सुधारला, पण पूर्ण नाही. मग रविवारी मूळ ईसीयूचं झाकण उघडलं. उघडताच सुक्या बांगड्याचा वास! आईला वाटलं, मी बाजारातून काहीतरी आणलंय. दोन कपॅसिटरच्या पायथ्याशी तपकिरी चिकट डाग, एकाखालचा ट्रॅक नखाने उचलला जातोय.

सोल्डरिंगवाले, शनिवारी बोर्ड घेऊन येतो. होसही बदलायला दिलेत. पण घाटातलं ८ टक्क्यांचं मला अजून पटलेलं नाही. मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावून आंबोली चढणार आणि आकडे इथेच टाकणार.

सोल्डरिंगवाला, मालवण
या. पण पूर्ण पाय दाबलेला आकडाच धरणार, बाकीचे नको.

पासिंगला चाललोय
तो ऑटोमॅटिकचा ईसीयू विकणार असाल तर कळवा. माझी ऑटोमॅटिकच आहे.