ऑगमेंटेड कॉर्ड हाताला येते, पण गाण्यात बसत नाही

कोमल_ध (प्रश्न)
पियानोवर मेजर-मायनर कॉर्ड्स सगळ्या इन्व्हर्जन्ससकट (तेच स्वर, पण खालचा स्वर बदलून) येतात, सेव्हन्थही जमतात. ऑगमेंटेडपाशी (मेजर कॉर्डचा पाचवा स्वर अर्ध्याने चढवलेली) मात्र गाडी अडते. सी-ई-जी शार्प वाजवता येतं, पण बाकीच्या अकरा पाठ कशा करायच्या? आणि ही कॉर्ड घालायची तरी कुठे? सी मेजरच्या गाण्यात सी कॉर्डच्या जागी सी ऑगमेंटेड धरली की सरळसरळ चूक झाल्यासारखी वाटते. शिवाय तोच स्वर कुठे जी शार्प लिहिलेला असतो, कुठे ए फ्लॅट. कोणतं बरोबर?

पांढरी_चार
अकरा नाहीत, तीनच उरल्यात.

सी ते ई चार सेमीटोन (अर्धे स्वर), ई ते जी शार्प चार, आणि जी शार्प ते वरचा सी पुन्हा चारच. सप्तकाचे तीन सारखे तुकडे. म्हणून सी, ई आणि जी शार्प या तिन्हींच्या ऑगमेंटेड कॉर्ड्स म्हणजे त्याच तीन पट्ट्या. नुसत्या कानाने इन्व्हर्जन ओळखताच येत नाही, बेसला कोणता स्वर आहे त्यावरून नाव ठरतं. बारा भागिले तीन, म्हणजे एकूण चार गट: सी-ई-जी शार्प, सी शार्प-एफ-ए, डी-एफ शार्प-ए शार्प, आणि ई फ्लॅट-जी-बी. सी म्हणजे सा धरला तर पहिला गट सरगमच्या भाषेत सा, शुद्ध ग, कोमल ध.

पाठांतरापेक्षा हा सराव करा. सी-ई-जी शार्प धरा आणि एका वेळी एकच स्वर अर्ध्याने खाली आणा. जी शार्प उतरवला की सी मेजर, ई उतरवला की ए फ्लॅट मेजर, सी उतरवला की ई मेजर. आता तसंच एकेक स्वर वर चढवा: जी शार्पचा ए केला की ए मायनर, ईचा एफ केला की एफ मायनर, सीचा सी शार्प केला की सी शार्प मायनर. एका कॉर्डला सहा दारं. चारही गटांवर हे करा, चोवीसच्या चोवीस मेजर-मायनर त्यात येऊन जातात.

बेस_आधी
गाण्यात न बसण्याचं कारण वेगळं असावं. डाव्या हातात सा-प-सा चालू आहे का? सी-जी-सी? सवयीने बहुतेकांचा तोच पॅटर्न असतो, आणि मग डावीकडे जी, उजवीकडे जी शार्प अशी थेट टक्कर होते. ऑगमेंटेड आली की डाव्या हातात फक्त सी, फार तर सीचं सप्तक. चाल त्या क्षणी जीवर थांबत असेल तर तिथे ही कॉर्ड घालूच नका; डाव्या हाताने कितीही सांभाळलं तरी ती टोचणारच.

दुसरं म्हणजे ती सीच्या *जागी* येत नाही, सी आणि पुढच्या कॉर्डच्या *मधे* येते. सीवरून एफवर जायचं आहे असं धरा. सी चार मात्रांची असेल तर पहिल्या दोन मात्रा सी, पुढच्या दोन सी ऑगमेंटेड, मग एफ. उजव्या हातात सी-ई-जी, सी-ई-जी शार्प, सी-एफ-ए. वरचा स्वर जी, जी शार्प, ए असा चढतो आणि कानाला तेच हवं असतं. बोटं (अंगठा १, करंगळी ५): पहिल्या दोन्हींना १-२-४, एफला १-३-५. ऑगमेंटेडला १-३-५ घेतलंत तर पाचवं बोट जी शार्पवर अडकतं आणि एवर जाताना सगळा हात उचलावा लागतो.

हे बसलं की चार पायऱ्यांचं करा: सी, सी ऑगमेंटेड, सी सिक्स्थ, सी सेव्हन्थ, मग एफ. खाली सी-ई तसेच १-२ वर, वर जी (३), जी शार्प (४), ए (५), आणि पाचवंच बोट बी फ्लॅटवर सरकवा. एफ येताना तेच बोट खाली एवर घसरतं.

घरी, म्हणजे गाण्याच्या मूळ कॉर्डवर, परतायची वाट म्हणजे जी ऑगमेंटेड ते सी. बी-डी शार्प-जी वरून सी-ई-जी: बीचा सी, डी शार्पचा ई, जी जागेवर. सी मायनरकडे गेलात तर आणखी सोपं, कारण डी शार्प म्हणजेच ई फ्लॅट, तो हलतही नाही. फक्त बी चढतो. मायनर गाण्यांत स्केलच्या पाचव्या स्वरावरची ऑगमेंटेड इतकी सहज मिसळते ती त्यामुळेच.

दोन_नावं
लिहिण्याबद्दल. स्वर पुढे कुठे जातो ते पाहा. ए या स्वराकडे चढणार असेल तर जी शार्प. एफ मायनरकडे जात असेल तर ए फ्लॅट, कारण तो त्या स्केलचाच स्वर आहे. पट्टी एकच, पण वाचणाऱ्याला पुढची दिशा आधीच कळते. आणि कॉर्डच्या नावापुढे नुसतं + असेल तर पाचवा स्वर चढवायचा; "ॲड" लिहिलेलं असेल तर पाचवा आहे तसा ठेवून वर एक स्वर वाढवायचा. या दोन खुणांची गल्लत फार होते.

जाता जाता: तीन सारखे तुकडे हे पियानोच्या ट्यूनिंगचं देणं आहे. शुद्ध मेजर थर्ड (सी ते ई एवढं अंतर) सुमारे ३८६ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, सप्तक १२०० चं), तसे तीन रचले तर ११५८ होतात आणि सप्तकाला ४१-४२ सेंट कमी पडतात. पियानोवर प्रत्येक थर्ड ४०० चा केलेला असतो म्हणून हिशेब जुळतो.

एकापाठोपाठ ऑगमेंटेड वाजवायचा मोह मात्र आवरा. संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या 'फाउस्ट सिम्फनी'च्या (१८५४) सुरुवातीला हे चारही गट अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरतात, बाराही स्वर येऊन जातात आणि घर कुठलं ते कळेनासं होतं. तिथे तेच हवं होतं. साध्या गाण्यात नको असतं.

कोमल_ध
सा-प-सा बरोबर ओळखलंत! तो काढल्यावर सी ते एफ बसलं. पण पेडल (स्वर लांबवणारं) घेतलं की सगळं गढूळ होतं.

बेस_आधी
जी आणि जी शार्प एकाच पेडलमध्ये राहतात म्हणून. जी शार्प वाजल्या*नंतर* लगेच पेडल सोडून पुन्हा दाबा; आधी सोडलंत तर खंड पडतो. सी-ई बोटांनी धरलेले असू द्या, ते तुटत नाहीत.

जी शार्प दोन्ही हातांत घेऊ नका, दोन्ही एवर चढतात आणि तो एकच स्वर बोंबलतो. पूर्ण कॉर्ड मधल्या सीच्या एक सप्तक खाली वाजवलीत तरी घोळ होतो. तिथे उघडी मांडणी घ्या: डाव्या हातात सी आणि जी शार्प, ई उजव्या हातात वर.