शब्दचर्चा : ‘तीन पुनर्प्रयत्न’ म्हणजे एकूण किती खेपा?

ऐरोलीकर :
मराठी माध्यमातून पदविकेला आलेल्या काही मुलांना मी दर रविवारी ठाण्यात प्रोग्रॅमिंग शिकवतो. सध्याचा विषय असा आहे, की सर्व्हरकडून उत्तर आले नाही तर तीच विनंती पुन्हा पाठवणारे, आणि काम संपले की उघडलेली फाइल किंवा जोडणी बंद करणारे छोटे साहाय्यक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकच काम करणारा तुकडा, कसे लिहावे. टिपणात मी लिहिले होते : ‘तीन पुनर्प्रयत्नांनंतर थांबावे आणि साफसफाई करावी.’ एका मुलीच्या फंक्शनने विनंती तीनदा पाठवली आणि तिच्या शेजारच्या मुलाच्या फंक्शनने चारदा. लॉगमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमने काय केले त्याच्या नोंदीतल्या, ओळी दोघांनी माझ्यासमोर मोजून दाखवल्या आणि दोघांनीही माझ्याच वाक्यावर बोट ठेवले. पहिला प्रयत्न धरून तीन की तो सोडून तीन, हे माझे वाक्य सांगतच नव्हते. त्यात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या मित्राने ‘साफसफाई’लाही हरकत घेतली, कारण त्या शब्दाने त्याच्या डोळ्यांसमोर झाडू येतो. पुढच्या रविवारपूर्वी टिपण दुरुस्त करायचे आहे. या दोन्ही जागी कोणते शब्द योजावेत?

नौपाडेकर :
मोजणीकडे वळण्याआधी शब्दाची घडण तपासायला हवी. ‘पुनर्’मधला रेफ स्वरापुढे किंवा मृदू व्यंजनापुढे टिकतो, म्हणून पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विचार हे शब्द होतात. ‘प’ हे कठोर व्यंजन असल्याने त्याच्यापुढे विसर्ग येतो. आपण अंतर्गत म्हणतो, पण अंतःपुर आणि अंतःकरण म्हणतो, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा शब्द ‘पुनःप्रयत्न’ असा होईल. मुलांच्या हाती जाणाऱ्या टिपणात तरी अशुद्ध संधी असू नये, असे मला मनापासून वाटते.

कळवेकर :
संधीचा नियम मान्य आहे, पण विसर्ग उच्चारायला ज्या मुलांना थांबावे लागते त्यांच्यावर तो का लादावा? ‘फेर’ आपल्या तोंडात बसलेला आहे. फेरमतदान, फेरमोजणी, फेरनिविदा, फेरपरीक्षा हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही कळतात. ‘फेरप्रयत्न’ लिहावे, म्हणजे विसर्गाचाही प्रश्न उरत नाही आणि रेफाचाही.

नौपाडेकर :
आपण दिलेली उदाहरणेच पाहावीत. फेरमतदान झाले की आधीचे मतदान रद्द ठरते आणि फेरनिविदा निघाली की पहिली निविदा बाद होते. ‘फेर’ लागला की पहिली वेळ मोजणीबाहेर जाते. या न्यायाने ‘तीन फेरप्रयत्न’ म्हणजे मूळचा एक आणि नंतरचे तीन, असे चार होतात. मुलाचे बरोबर ठरेल आणि मुलीचे चुकेल. शिक्षकांच्या मनात तीन होते की चार, हे त्यांनीच सांगावे.

ऐरोलीकर :
माझ्या मनात एकूण तीन होते.

कोपरखैरणेकर :
मग मोजायचा शब्द ‘खेप’ घ्यावा. माझी आई रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी कचेरीत जात असे आणि परतल्यावर ‘आजची तिसरी खेप’ म्हणत असे. त्या तिसरीत पहिली धरलेली असे आणि ते कोणाला समजावून सांगावे लागत नसे. ‘कमाल खेपा तीन’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही. संगणक तारेने जोडण्याच्या जुन्या इथरनेट पद्धतीच्या प्रमाणातही मोजणी याच पद्धतीची आहे : सामाईक तारेवर दोन यंत्रांचे संदेश आदळले तर थोडे थांबून पुन्हा पाठवायचे, आणि पहिला प्रयत्न धरून 16 प्रयत्न फसले की तो संदेश सोडून द्यायचा. माझ्या मते खेप हा शब्द ‘क्षेप’वरून आला, जसे क्षीरचे खीर झाले आणि क्षारचे खार.

कळवेकर :
कचेरीच्या त्या वाऱ्यांना आमच्याकडे हेलपाटे म्हणतात. पुन्हा पुन्हा पाठवलेली आणि फुकट गेलेली विनंती म्हणजे हेलपाटाच की. हा शब्द अधिक जिवंत नाही का?

कोपरखैरणेकर :
हेलपाटा म्हणताच ती फेरी वाया गेली हे गृहीत धरले जाते, आणि सर्व्हरच्या बाबतीत नेमके तेच आपल्याला ठाऊक नसते. उत्तर आले नाही याचा अर्थ विनंती पोचलीच नाही असा होत नाही. वीजबिल भरताना पैसे खात्यातून जातात आणि पोचपावती वाटेत अडकते, हे अनेकांनी अनुभवले असेल. तेथे ‘हेलपाटा झाला’ असे समजून फंक्शनने तीच विनंती पुन्हा पाठवली तर बिल दोनदा भरले जाईल. दोनदा केले तरी परिणाम एकच राहतो अशाच कामासाठी पुढची खेप घालावी, नाहीतर प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक द्यावा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली तीच विनंती सर्व्हरला ओळखता येते. ‘खेप’ यशापयशाबद्दल काहीच बोलत नाही, म्हणून ती येथे चालते.

ऐरोलीकर :
हा मुद्दा मोलाचा आहे. माझ्या टिपणात तो नव्हताच. आता दोन खेपांमधल्या थांबण्याचेही विचारतो. पहिल्यांदा 1 सेकंद थांबायचे, मग 2, मग 4, मग 8. यासाठी मी ‘घातांकी माघार’ असा शब्द केला आहे.

नौपाडेकर :
माघार घेतली म्हणजे काम सोडले. येथे कोणी सोडत नाही, केवळ दम घेतो. ‘उसंत’ म्हणावे. ‘दर खेपेनंतर दुप्पट उसंत’ हे वाक्य आजीलाही कळेल.

कळवेकर :
उसंत छान आहे, परंतु ती सर्वांची सारखी असून चालत नाही. संध्याकाळी ठाणे स्थानकात पनवेल गाडीची घोषणा झाली की पुलावरची सगळी माणसे एकाच वेळी दहा नंबरच्या फलाटाकडे उतरतात आणि जिन्यावर कोणालाच हलता येत नाही. बंद पडलेला सर्व्हर सुरू होताना त्याचीही हीच गत होते, कारण ज्यांची विनंती एकाच क्षणी फसली ते सगळे बरोबर 4 सेकंदांनी पुन्हा दारात येतात. म्हणून प्रत्येकाच्या उसंतीत थोडा यादृच्छिक फरक ठेवतात. मी त्याला ‘झुंबडमोड’ म्हणतो. हा शब्द मीच घडवला आहे, पण तो वापरल्यावर मला पुढे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागलेले नाही.

घोडबंदरकर :
दुसरा शब्द मागेच राहिला. ‘साफसफाई’ मलाही पटत नाही, कारण घाण झालेलीच नसते. उघडलेले मिटायचे असते आणि घेतलेले परत करायचे असते. घरात जेवणे झाल्यावर बायका म्हणतात, ‘तुम्ही बसा, मी मागचे आवरून येते.’ भाजी करपली म्हणून कोणी ओटा तसाच टाकत नाही. काम साधो की फसो, मागचे आवरावेच लागते. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या 2.5 आवृत्तीत, 2006 साली, उघडलेले आपोआप मिटणारे ‘विथ’ आले आणि जावाच्या सातव्या आवृत्तीत, 2011 साली, ‘ट्राय’च्या कंसातच फाइल उघडण्याची सोय झाली. दोन्हींचा हेतू हाच, की आवरणे माणसाच्या आठवणीवर राहू नये. रात्री स्वयंपाकघरात शेवटचा हात फिरवतात त्यालाच ‘झाकपाक’ म्हणतात. ‘झाकपाक’ घ्यावा.

नौपाडेकर :
‘झाकपाक’ वाचून आजच्या मुलांना चूक झाकण्याचा वास येईल, आणि फंक्शनने चूक गिळून टाकणे हा तर या विषयातला मोठाच दोष आहे. ‘निरवानिरव’ सुचवतो. निरवणे म्हणजे सोपवणे. ज्याचे त्याला सोपवून मोकळे होणे.

घोडबंदरकर :
निरवानिरवीची भाषा माणूस अखेरीस बोलतो. मुलांच्या टिपणात ती नको. शिवाय निरवानिरव एकदाच होते, आणि खरी चूक तेथेच दडलेली असते. एका कामात मी आवरण्याची ओळ लूपच्या, म्हणजे दर खेपेला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर, अगदी शेवटी लिहिली होती. प्रत्येक खेप नवी जोडणी उघडत होती आणि शेवटी बंद होत होती ती फक्त अखेरची. दिवसा काही जाणवले नाही. रात्री पलीकडचा सर्व्हर रडतखडत चालू लागला, खेपा वाढल्या आणि, उघडी जोडणीही फाइलींतच मोजली जात असल्याने, चालू प्रोग्रॅमची 1024 उघड्या फाइलींची मर्यादा भरली. त्यानंतर साधी लॉगची फाइलसुद्धा उघडेना, त्यामुळे काय बिघडले हे लिहून ठेवायलाही जागा राहिली नाही. पहाटे तीनला मी ती एक ओळ दोन पायऱ्या आत, लूपमध्ये, सरकवली. म्हणून शब्द असा हवा, की जो दर खेपेला लागू पडेल. आवरणे दर जेवणानंतर असते.

कोपरखैरणेकर :
दोन्ही शब्द ठेवता येतील. जोडणी दर खेपेला उघडायची असेल तर तिचे ‘आवरणे’ खेपेच्या आत, आणि सगळ्या खेपांसाठी एकदाच घेतलेल्या वस्तूंची ‘निरवानिरव’ लूपच्या बाहेर. आणि आवरतानाही क्रम उलटा असावा, म्हणजे शेवटी उघडलेले आधी मिटावे.

नौपाडेकर :
‘आवरणे’ला माझी एक शंका आहे. ‘आवर’ म्हणजे लगामही. ‘जोडणी आवरा’ असे वाचून एखादा ती रोखून धरेल, सोडणार नाही.

घोडबंदरकर :
‘पसारा आवर’ म्हटल्यावर आपल्या घरी कोणी पसाऱ्याला लगाम घालतो का? क्रियापदाचा अर्थ त्याच्या कर्मावरून ठरतो.

नौपाडेकर :
पसाऱ्यावरून ठरतो हे खरे. परंतु जोडणी म्हणजे पसारा नव्हे, आणि अडचण तेथेच आहे.

ऐरोलीकर :
टिपणात ‘कमाल खेपा तीन, पहिली धरून’ आणि ‘दर खेपेनंतर दुप्पट उसंत’ असे लिहिले आहे. ओळखक्रमांकाचा परिच्छेदही घातला आहे. आवरण्याच्या जागी सध्या पेन्सिलीने ‘मागचे आवरणे’ लिहून ठेवले आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत कोणाला याहून बरे सुचले तर जरूर लिहावे.

नौपाडेकर :
खेपेमुळे ‘प्रयत्न’ गेला, तरी प्रस्तावनेत आपण ‘पुनर्प्रयत्न’ एकदा लिहिलेला आहे. तेथे विसर्ग करावा.