जिलेटिन–पीसीएलची मॅट: पावसाळ्यात तंतू चिकटतात, पीबीएसमध्ये जिलेटिन निघून जातं

पवईची_तंतू
जखमेवरच्या ड्रेसिंगसाठी जिलेटिन (टाइप ए) आणि पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर, रेणुभार ८०,०००) यांचं ५०:५० इलेक्ट्रोस्पिनिंग (विजेच्या उच्च दाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढून त्यांची मॅट बनवणं) चालू आहे. टीएफई (ट्रायफ्लुओरोइथेनॉल) या विद्रावकात दोन्ही मिळून १० टक्के, १४ किलोव्होल्ट, ताशी १ मिलि, सुई ते कलेक्टर १३ सेंमी. जूनपासून तंतू एकमेकांना चिकटतायत, मधे मणीही दिसतात. द्रावण दोन-तीन तासांत दुधाळ होऊन थर बसतो.

दुसरं म्हणजे, ईडीसी–एनएचएस या जोडरसायनांनी पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) क्रॉसलिंक करूनही, म्हणजे जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधूनही, ३७ अंशांना एका रात्रीत मॅट आक्रसते आणि कोरडं वजन ४० टक्क्यांनी घटतं. ग्लुटराल्डिहाइड पेशींना घातक म्हणून नको आहे. १२० अंशांवर व्हॅक्युम ओव्हनमध्ये ठेवून भागेल का?

माटुंगा_पॉलिमर
आधी ओव्हनचं: अजिबात नको. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं. निव्वळ जिलेटिन किंवा कोलॅजनला चालणारी ती पद्धत इथे तंतूंचा पापुद्रा करून ठेवेल. वाळवतानासुद्धा ४० अंशांच्या वर जाऊ नका.

द्रावण दुधाळ होतं कारण टीएफईमध्ये दोन्ही विरघळतात, पण एकमेकांत मुरत नाहीत. मग सुरुवातीच्या आणि शेवटच्या मॅटमध्ये जिलेटिनचं प्रमाणच वेगळं येतं. १० मिलि टीएफईला २० मायक्रोलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल घाला, म्हणजे ०.२ टक्के. ढवळताना द्रावण नितळ होताना दिसेल. आम्ल घालताना हात सैल सोडू नका. आम्लात पीसीएलचे एस्टर बंध तुटत जातात. म्हणून द्रावण त्याच दिवशी संपवा.

आता दमटपणा. मुंबईत जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. जिलेटिन हवेतलं पाणी ओढून मऊ राहतं आणि कलेक्टरवर पडलेले तंतू वाळायच्या आधीच जुळतात. इलेक्ट्रोस्पिनिंगच्या पेटीतली आर्द्रता ३५ ते ४५ टक्के हवी. फार कोरडी केलीत तर टीएफई सुईच्या टोकाशीच उडून गाठ धरते. नुसत्या सिलिका जेलच्या वाट्या ठेवून काम होत नाही, कारण टीएफईची वाफ काढायला एक्झॉस्ट लागतोच आणि तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच दमट हवा फटीतून आत घेतो. पेटीच्या फटी बंद करा आणि सिलिका जेलच्या नळकांड्यातून आलेली कोरडी हवा एकाच तोंडाने आत सोडा. आर्द्रतामापक कलेक्टरच्या पातळीवर ठेवा, पण सुईपासून लांब. डीह्युमिडिफायर पेटीबाहेरच असू द्या. आत उच्च दाबाची वीज आणि ज्वलनशील वाफ आहे.

ऊतीशास्त्र_परळ
मॅटमध्ये जिलेटिन निम्मं. एकूण वजन ४० टक्के घटलं याचा अर्थ पाचांतले चार भाग जिलेटिन धुऊन गेलं, म्हणजे क्रॉसलिंकिंग जवळजवळ झालंच नाही. दोष पीबीएसचा. फॉस्फेट ईडीसीला वाया घालवतं, ७.४ पीएचला त्याची क्रिया मंद असते आणि बंध तयार होईपर्यंत पाण्यात जिलेटिन फुगून सुटू लागतं.

९० टक्के इथेनॉलमध्ये करा. ५० मिलिला ईडीसी हायड्रोक्लोराइड ०.४८ ग्रॅम (५० मिलिमोलर) आणि एनएचएस ०.११५ ग्रॅम (२० मिलिमोलर), ४ अंशांना २४ तास. उरलेल्या १० टक्के पाण्याच्या जागी ५.५ पीएचचा एमईएस बफर घेतला तर उत्तम. ट्रिस आणि ॲसिटेट बफर टाळा. ईडीसीची बाटली फ्रीजरमधून काढल्याबरोबर उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरतं आणि पुढच्या सगळ्या बॅच कमजोर निघतात.

वर सुचवलेलं ॲसिटिक आम्ल योग्यच आहे, पण ते मॅटमध्ये उरलं तर त्याचा कार्बोक्सिल गट ईडीसी खातो आणि जिलेटिनमधल्या लायसिनच्या अमाइनची टोकं, जिथे बंध व्हायचे ती, बंद करतो. क्रॉसलिंकिंगआधी मॅट खोलीच्या तापमानाला ४८ तास व्हॅक्युममध्ये ठेवा. ही पायरी लोक हमखास गाळतात.

नंतर डिस्टिल्ड पाण्याने अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा धुवा आणि फ्रीझ-ड्राय करा. हवेत वाळवली तर आक्रसते. निनहायड्रिनने (अमाइनशी रंग देणारं रसायन) क्रॉसलिंकिंगआधीचे-नंतरचे मोकळे अमाइन मोजा. एक लक्षात असू द्या: या रीतीने जिलेटिन जिलेटिनलाच जोडलं जातं, पीसीएल फक्त गुंतून राहतं. खरा बंध हवा असेल तर पीसीएलच्या पृष्ठभागावर हेक्सामिथिलीन डायअमाइनने आधी अमाइन गट आणावे लागतील.

पवईची_तंतू
आभार. ४८ तासांचं व्हॅक्युम आम्ही करतच नव्हतो. निर्जंतुकीकरण कसं करावं?

माटुंगा_पॉलिमर
ऑटोक्लेव्ह नको, १२१ अंशांत पीसीएल गेलंच. पेशींच्या चाचणीला ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास आणि दोन्ही बाजूंना यूव्ही पुरतं, पण इथेनॉलने बीजाणू मरत नाहीत. ड्रेसिंग म्हणून पुढे न्यायचं तर इथिलीन ऑक्साइड किंवा २५ किलोग्रे गॅमा. ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४ पासून वैद्यकीय वस्तूंच्या गॅमा निर्जंतुकीकरणासाठीच उभं आहे. गॅमाने पीसीएलच्या साखळ्या तुटतातही आणि जुळतातही, म्हणून ताणबळ आणि पीबीएसची चाचणी गॅमा किरण देण्याआधीच्या नव्हे, नंतरच्या मॅटवर घ्या.