मदत हवी आहे: मार्क बरे आहेत, तरी एडीएचडीची (लक्ष टिकवण्यातल्या अडचणीची) तपासणी कशी मागायची?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक ९ वर्षांची, फोर्थ ग्रेडला. दंगा अजिबात नाही, म्हणून शाळेत 'गुणी मुलगी'. घरी मात्र गणिताची तीन उदाहरणं सोडवायला दीड तास. परवा दप्तराच्या तळाशी, काळ्या पडलेल्या केळ्याखाली, पूर्ण केलेला गृहपाठ सापडला. टीचर आठवडाभर तो मागत होत्या!

डॉक्टरांनी व्हँडरबिल्टचे फॉर्म (एडीएचडीच्या लक्षणांची प्रश्नावली) दिलेत, एक आमचा, एक टीचरचा. टीचर म्हणतात, "भारतीय मुलं शांतच असतात." इथे आशियाई मुलांचं निदान गोऱ्या मुलांपेक्षा कमी होतं असं वाचलं होतं, ते कसं हे आता कळतंय. पुण्याहून सासूबाईंचं वेगळंच, "तुझा नवराही असाच वेंधळा होता, झाला ना इंजिनिअर?" (तो अजून रोज किल्ल्या शोधतो, ते सोडा.)

लेखी विनंती दिली की शाळेला २० दिवसांत बैठक घ्यावी लागते आणि संमतीनंतर ९० दिवसांत तपासणीपासून आयईपीपर्यंत (विशेष शिक्षणाची लेखी योजना) सगळं, एवढं माहीत आहे. पण मार्क बरे असताना विनंतीत नेमकं काय लिहिलंत? आयईपी मिळाला की ५०४ प्लॅनवर (नेहमीच्या वर्गातच सवलती) भागवलं? घरी मराठी बोलतो म्हटल्यावर सगळं खापर 'इंग्रजी कच्चं' यावर फोडतात का?

आणि आजीला फोनवर कोणत्या शब्दांत समजावलंत? 'डोक्यात बिघाड' असं काही त्या लेकीसमोर बोलायच्या आत मला ते सांगायचंय.