पदवीदान समारंभाला कोणाला बोलवावे आणि त्यांनी कोणत्या भाषेत बोलावे?

प्रश्न (स्वायत्त महाविद्यालयातील एक प्राध्यापक):
आमच्या महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ दोन महिन्यांवर आला असून प्रमुख पाहुण्यांचे नाव सुचवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. समितीत दोन तट आहेत. एकाला वर्तमानपत्रात छायाचित्र येईल असे मोठे नाव हवे आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्यांना मुलांशी बोलता येते त्यांनाच बोलवावे, मग त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसले तरी चालेल. आमचे बहुतेक विद्यार्थी घरातले पहिलेच पदवीधर असतात आणि त्यांचे आईवडील सकाळच्या एसटीने येऊन मागच्या खुर्च्यांवर बसतात. तरीही दीक्षान्त भाषण इंग्रजीतच व्हावे, असा प्राचार्यांचा आग्रह आहे, कारण ‘त्याला एक दर्जा असतो’. जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर १ (निवृत्त उपकुलसचिव):
दर्जा भाषेला चिकटवणे मला पटत नाही. कलकत्ता विद्यापीठात दीक्षान्त भाषण इंग्रजीतच होत असे. १९३७ साली श्यामाप्रसाद मुखर्जी कुलगुरू असताना रवींद्रनाथ टागोरांना निमंत्रण गेले आणि त्यांनी ते भाषण बंगालीत केले. इंग्रजांचे राज्य असताना, इंग्रजांनीच काढलेल्या विद्यापीठात हे होऊ शकले, तर आपल्याला आज कोणाची परवानगी हवी आहे?

वेळेबद्दल मात्र अनुभवाने सांगतो. एका समारंभात पाहुण्यांनी स्वतःच्या संस्थेची प्रगती सांगण्यात पाऊण तास घालवला. तोवर भाड्याचे झगे घातलेली मुले घामाने निथळत होती, एक मुलगी खांद्यावरून घसरणारे उपरणे तिसऱ्यांदा टाचणीने अडकवत होती आणि व्यासपीठामागे आमचा कर्मचारी पदव्यांचे गठ्ठे शाखेनुसार पुन्हा पुन्हा लावत होता. दोष निम्मा आमचाच होता, कारण निमंत्रणपत्रात ‘आपण मार्गदर्शन करावे’ एवढेच लिहिले होते. समोर कोण बसणार आहे, त्यांतले किती जण कोणत्या शाखेचे आहेत आणि भाषणाला वीस मिनिटे ठेवली आहेत, हे पत्रातच स्पष्ट लिहा. जाणत्या पाहुण्याला त्याचा राग येत नाही.

उत्तर २:
वीस मिनिटेही पुष्कळ झाली. स्टीव्ह जॉब्झ यांचे १२ जून २००५ रोजीचे स्टॅनफर्डमधील भाषण साधारण पंधरा मिनिटांचे होते आणि त्यात आयुष्यातल्या तीन गोष्टींपलीकडे काही नव्हते. त्यांनी स्वतः पदवी घेतलेली नव्हती आणि हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मोठे नाव बोलावण्यात गैर काही नाही. पण त्या माणसाने आपला मोठेपणा प्रवेशद्वारापाशी ठेवून आत यावे.

उत्तर ३ (संस्कृतच्या अध्यापिका):
एक वेगळा मुद्दा मांडते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतला ‘सत्यं वद, धर्मं चर’ हा उपदेश आपण पदवीदानाच्या वेळी वाचतो, परंतु तो करणारा पाहुणा नाही. ज्याने शिकवले तो आचार्यच निघालेल्या शिष्याला हे सांगतो आहे. त्याच अनुवाकात पुढे ‘यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि’ असेही आहे. आमचे जे चांगले वागणे असेल तेवढेच उचला, बाकीचे नको, असे शिष्याच्या तोंडावर म्हणायला तो आचार्य धजतो. बाहेरच्या पाहुण्याला हे म्हणता येत नाही, कारण त्याचे वागणे मुलांनी पाहिलेलेच नसते. यंदा निवृत्त होणारे एखादे प्राध्यापक तुमच्याकडे असतील, तर त्यांचा विचार जरूर करावा.

प्रश्नकर्ते:
सर्वांचे आभार. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांची सूचना समितीला अनपेक्षितपणे आवडली. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या बाई मे महिन्यात निवृत्त होत आहेत आणि त्यांना वीस नव्हे, बाराच मिनिटे पुरे आहेत, असे त्यांनीच कळवले आहे. भाषेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. प्राचार्यांना १९३७ चा दाखला दिला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अहो, पण तिथे पाहुणे टागोर होते.”