पंचनामा न करता विमा?

नुकसान न मोजता विम्याचे पैसे मिळतातच कसे, हा प्रश्न रास्त आहे. कॅरिबियन देशांच्या सामाईक योजनेत (सीसीआरआयएफ, २००७ पासून) पंचनामा नसतोच. वादळाचा मार्ग, वाऱ्याचा वेग, पाऊस हे आकडे मॉडेलमध्ये घालायचे. त्यातून निघालेला नुकसानीचा अंदाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की १४ दिवसांत सरकारला पैसे.

गोम तिथेच आहे. २०१५ मध्ये डॉमिनिका या कॅरिबियन बेट-देशात एरिका वादळ आलं. वारा बेताचाच, पण पाऊस असा कोसळला की दरडी घसरल्या, पूल वाहून गेले, पेतित सावान हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं. चक्रीवादळाची पॉलिसी लागूच झाली नाही! अतिवृष्टीची वेगळी घेतली होती म्हणून सुमारे २४ लाख डॉलर तरी हाती आले. नुकसान होतं ४८ कोटी डॉलरच्या घरात.

त्यामुळे 'विमा आहे, मग मदतनिधी कशाला' हा काहीजण मांडतात तो मुद्दा मला अजिबात पटत नाही. हे पैसे पहिल्या काही आठवड्यांची निकड भागवायला: ढिगारे उपसणं, रस्ते मोकळे करणं, सरकारी पगार. २०१७ च्या मारिया वादळानंतरही डॉमिनिकाला मिळाले ते जेमतेम १.९ कोटी डॉलर, आणि नुकसान तर देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त.