शहरांचं स्वयंवर म्हणावं का?
(ठाणे-नवी मुंबईतल्या गप्पा. बोलणाऱ्याचं नाव म्हणजे त्याच्या राहण्याची जागा.)

पाचपाखाडी :
व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकरण मराठीत करायला घेतलंय. विषय ॲमेझॉनच्या दुसऱ्या मुख्यालयाचा. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं, सिएटलच्या तोडीचं आणखी एक मुख्यालय उभारायचंय, ५० हजार नोकऱ्या, ५ अब्ज डॉलर गुंतवणूक, शहरांनी प्रस्ताव पाठवावेत. २३८ आले. जानेवारी २०१८ मध्ये त्यातले २० निवडले. या सगळ्या प्रकाराला मराठीत एका शब्दात काय म्हणायचं? मी मथळा दिला होता 'शहरांचं स्वयंवर'. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं : 'यात नवरी कोण?' तिथेच अडकलोय. शिवाय 'दुसरं मुख्यालय' हेही खटकतं. मुख्य एकच असणार ना?

नौपाडा :
दुसऱ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. आपल्याकडे राजधानी एक असूनही नागपूरला 'उपराजधानी' म्हणतात, १९५३ च्या नागपूर करारापासून तिथे अधिवेशन भरवायचं ठरलेलं आहे. त्या चालीवर 'उपमुख्यालय' होईल, पण कंपनीला 'उप' नकोच होता, बरोबरीचं हवं होतं. तेव्हा विसंगती मुळातच आहे, ती तशीच येऊ द्या. बोलताना कोणी 'मुख्यालय' म्हणत नाही हेही खरं. माझ्या ऑफिसात 'हेड ऑफिसला विचारून सांगतो' हेच ऐकू येतं. मुख्यालय म्हटलं की नवी मुंबईत पामबीच रस्त्याच्या टोकाची ती घुमटवाली महापालिकेची इमारत.

आणि जाता जाता, आपण राहतो त्या गावाचं नाव तरी काय आहे? शिलाहारांचं श्रीस्थानक. स्थान, ठाण, ठाणं. मुक्कामाची, अंमल बसवायची जागा. 'ठाण मांडणे' त्यातलंच. म्हणजे आपलं गाव नावानेच हेड ऑफिस आहे, पुढे सगळी हेड ऑफिसं खाडीपलीकडे गेली तो भाग वेगळा.

तुर्भे :
स्वयंवर नको, 'लिलाव' म्हणा असं कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो की तेही बसत नाही. लिलावात चढी बोली जिंकते. इथे न्यू जर्सीने नेवार्क शहरासाठी ७ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, मेरीलंडने ८ अब्जांच्या वर. जिंकलं कोण? कंपनीने मुख्यालय दोघांत वाटलं : न्यू यॉर्क, सुमारे ३ अब्जांवर, आणि व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन, त्याहून कितीतरी कमीत. 'निविदा'ही नाही. निविदेत काम मागणारा कमी पैसे मागतो. इथे काम मागणारं शहर उलट पैसे द्यायला उभं.

आमच्या वाशीच्या फळबाजारातली एक गोष्ट मात्र लागू पडते. पूर्वी हापूसचा भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटं दाबणार, बाजूला उभ्या असलेल्याला पेटी दिसणार, भाव नाही. या अमेरिकन शहरांनीही तसंच केलं. कंपनीशी गुप्ततेचे करार केले आणि कितीतरी ठिकाणी आपण काय देऊ केलंय हे त्या त्या शहरातल्या कर भरणाऱ्यांनाच कळलं नाही. एक प्रतिशब्द म्हणून 'रुमालाखालचा सौदा' चालेल. मथळा म्हणून लांब आहे, मान्य.

बेलापूर गावठाण :
बाजारवाल्यांनीच विषय काढला म्हणून. तुमचा बाजार काही पायघड्या घालून वाशीला आला नाही. भाजी भायखळ्याहून, फळं क्रॉफर्ड मार्केटमधून, कायद्याने उठवून आणली. त्याला मराठीत 'हलवणे' म्हणतात. आणि ज्याला बोलावलं होतं तो आलाच नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली तेव्हा राज्य शासनाची कार्यालयं इकडे न्यावीत हा त्यातला कणा होता. शासन राहिलं नरिमन पॉइंटला. आमच्या वाट्याला सिडको भवन, कोकण भवन, कोकण रेल्वे. वाईट नाही, पण मांडव घालून ठेवल्यावर नवरदेव दुसरीकडे जेवला असं झालं.

घणसोली :
नवरदेवावरून आठवलं. अहो पाचपाखाडी, शब्द तुमच्या घरातच आहे. 'स्थळ'!

स्थळ म्हणजे जागा, आणि स्थळ म्हणजे लग्नासाठी सुचवलेलं घर. 'स्थळ सांगून आलं', 'स्थळ चांगलं आहे पण लांब आहे', 'स्थळं बघताय का?' कंपनी करत होती ते शब्दशः स्थळ बघणंच. २३८ स्थळं सांगून आली. दोन्ही अर्थ एकदम, एका दगडात.

स्वयंवर का चुकतं तेही यातून कळतं. स्वयंवरात निवडणारी स्वतः माळ घालते, आणि येणाऱ्याने पण जिंकायचा असतो. शिवधनुष्य उचला, मासा भेदा. रामाने जनकाला करात सूट देऊ केली नव्हती. इथला कार्यक्रम बघण्याचा आहे, कांदेपोह्यांचा. ॲरिझोनातल्या टूसॉनहून २१ फुटी निवडुंग सिएटलला भेट पाठवला. कंपनीने भेटी घेत नाही म्हणून तो ॲरिझोनातल्याच वाळवंटाच्या संग्रहालयाला देऊन टाकला. कॅन्सस सिटीच्या महापौरांनी ॲमेझॉनवरून हजार वस्तू मागवल्या आणि प्रत्येकीला पाच तारे देऊन शहराचं कौतुक लिहिलं. मुलीने स्वतः केलेल्या भरतकामाची उशी मांडून ठेवायचे ना, ते हेच.

पाचपाखाडी :
घणसोली, साष्टांग! मग सवलतींना काय म्हणू? सरकारी मराठीत 'प्रोत्साहन' आहे. आपली 'सामूहिक प्रोत्साहन योजना' १९६४ पासून चालू आहे. पण स्थळ म्हटल्यावर पुढचा शब्द जिभेवर येतो तो 'हुंडा'.

कोपरी :
हुंडा नको. १९६१ पासून गुन्हा आहे, माणसं मेली आहेत त्याच्यापायी, मथळ्यात गंमत म्हणून नको. त्यापेक्षा 'याद्या' घ्या. हल्लीच्या मुलांना माहीत नसेल : बैठकीत देणंघेणं ठरलं की ते कागदावर उतरवायचे आणि दोन्हीकडच्या मोठ्यांनी सह्या करायच्या. माझ्या आईच्या लग्नाची यादी अजून घरात आहे. पिवळा पडलेला फुलस्केप, चार कोपऱ्यांना कुंकू, वर 'श्री', खाली 'वऱ्हाडाचे जाणे-येणे : वधूपक्ष', 'बँड : वरपक्ष'. त्यातलं 'बँड' कोणीतरी खोडून 'सनई' केलंय आणि बाजूला आजोबांची छोटी सही. आज सरकार आणि कंपनी फोटोसमोर फाइल धरून उभे राहतात त्या 'सामंजस्य करारा'पेक्षा ही यादी जास्त बंधनकारक होती.

आणि याद्या होऊनही लग्न मोडतं, यालाही शब्द तयार आहे. न्यू यॉर्कचं नाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. स्थानिक लोकप्रतिनिधींनी आणि संघटनांनी विरोध केला, एवढे पैसे कशासाठी म्हणून. कंपनीने माघार घेतली तो दिवस १४ फेब्रुवारी २०१९. काडीमोड व्हॅलेंटाइन डेला!

तुर्भे :
याच घरातला आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका शब्द राहिला की. 'पळवला'. २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणवला जाणारा वेदांत-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा किती दिवस हाच मथळा होता. मुलगी पळवतात तसा प्रकल्प पळवला. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली, मग पळवलं नक्की काय? त्याउलट २००८ मध्ये नॅनो सिंगूरहून निघाली तेव्हा मोदींनी रतन टाटांना 'सुस्वागतम्' एवढाच एसएमएस केला, हे त्यांनीच सांगितलंय. बंगालमध्ये म्हणणार 'गेली', गुजरातमध्ये म्हणणार 'आली'. क्रियापद कोण कुठे बसलाय त्यावर ठरतं.

नौपाडा :
पण बाईंचा प्रश्न राहिलाच. नवरी कोण? मुलगी सासरी जाते. इथे निवडणारी कंपनी, आणि घर सोडून येणारीही कंपनीच. वर म्हणावा तर वरच सामान घेऊन मुलीकडे राहायला येतोय.

घणसोली :
मग तो घरजावई.

पाचपाखाडी :
आज बाईंकडे जाऊन आलो. मथळा ठरला : 'स्थळं आली २३८'. आर्लिंग्टनच्या परिच्छेदाला उपशीर्षक 'घरजावई' दिलं. तिथे व्हर्जिनियाने जरा सावध याद्या केल्या होत्या, पहिल्या २५ हजार नोकऱ्यांना प्रत्येकी २२ हजार डॉलर, पण नोकरी प्रत्यक्ष झाल्यावरच. पहिला टप्पा २०२३ मध्ये उघडला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये दुसऱ्याचं बांधकाम कंपनीने लांबणीवर टाकलं. बाईंनी चष्मा वर करून वाचलं, 'घरजावई' खोडला नाही. पेन्सिलीने मागे एक शब्द घातला : 'अर्धा'.